मागच्या पट्टीत

चूक वाजली तेव्हा सुलक्षणा पदराने मानेवरचा घाम पुसत होती. ऑक्टोबरची दुपार होती. अंधेरीच्या शाळेचा तळमजल्यावरचा हॉल, शनिवारची अर्धी शाळा सुटलेली, बाकं भिंतीला लावून मधे जागा मोकळी केलेली. तिथे अनंत आणि त्याने गोळा करून आणलेले वादक अर्धगोल करून बसले होते. सगळे गोरेगावच्या स्टुडिओंत सिनेमाच्या गाण्यांमागे वाजवून जगलेले. एकाच माणसाने बोटं फिरवली की व्हायोलिनांचा अख्खा ताफा वाजल्यासारखा आवाज काढणारं विजेचं वाद्य आलं, आणि तेव्हापासून यांच्या दुपारी मोकळ्या झाल्या. म्हणून तर मेलेल्या एका इंग्रज बाईचं, कुणी कधी न ऐकलेलं संगीत फुकटात वाजवायला ते आले होते. हॉल सुलक्षणाने मिळवून दिला होता, कारण त्या शाळेत ती गाणं शिकवत असे. पहिले दोन भाग होईपर्यंत तिचं अर्धं लक्ष घरीच होतं. सिलिंडर संपत आला होता. भावाने, नंदूने, नंबर लावला असेल का, लावला नसेलच, हे सगळं सुरांच्या खालून चाललं होतं. मग तिसरा भाग सुरू झाला. तो तिने स्वतःच्या हाताने लिहून घेतलेला, म्हणून ती जरा सावरून बसली. आणि त्याच्या मध्यावर, जिथे सगळ्यांनी मिळून वरच्या पट्टीत जायचं, तिथे व्हायोलिनं गेली, खालची जाड आवाजाची वाद्यं गेली, आणि व्हायोला, म्हणजे व्हायोलिनचीच जरा मोठी, खालच्या आवाजाची बहीण, वाजवणारे दोघे मात्र मागच्याच पट्टीत राहिले. भजनात पेटीवाल्याने पांढरी एक सोडून पांढरी चार धरावी आणि मागे म्हणणाऱ्यांना त्याचा पत्ताच नसावा, तसं. थोडा वेळ ते तसंच चाललं. मग सगळे पुन्हा एका जागी आले आणि भाग पुढे सरकला. सुलक्षणाचा पदर मानेवरच राहिला.

वादकांची चूक नव्हती. व्हायोलावाला सीताराम गेली कित्येक वर्षं समोरच्या कागदावर असेल ते वाजवत आलेला माणूस, आणि त्याच्या समोरचा कागद सुलक्षणाच्या अक्षरातला होता. वर्गात मुलींसमोर बोलताना अचानक लक्षात यावं की आपण पोलकं उलटं घालून आलोय, तसली लाज तिला वाटली, पण तिच्याहून खोल. आयुष्यात एकच काम आपण बिनचूक केलं, असं ती मनाशी धरून होती. बाकीच्या सगळ्याला ती स्वतःच नावं ठेवायची: नोकरी कशीबशी, आवाज बेताचा, लग्नाचं राहून गेलं ते गेलंच. पण त्या इंग्रज बाईंचा, थॉर्नलीबाईंचा, तिसरा भाग आपण कागदावर उतरवला आणि त्यात कानामात्रेचा फरक केला नाही, हे ती कुणाला न सांगता जवळ बाळगून होती. आणि आता ते हॉलभर वाजून गेलं होतं, आणि कुणाच्या लक्षातही आलं नव्हतं.

कसं झालं असेल, हे तिला लगेच कळलं. कळायला फार मागे जावं लागलं नाही. शेवटच्या दोन वर्षांत बाईंना अर्धांगाचा झटका येऊन गेला होता. हात जागेवर राहिला पण थरथरायला लागला, त्यात पेन्सिल ठरेना. आणि जीभ जड झाली. इंग्रजीत सुरांना अक्षरांची नावं, सी, डी, ई, बी. बाईंच्या जड जिभेवरून ती सगळी एकसारखीच होऊन बाहेर पडायची. दोन रविवार दोघींनी नुसती रडारड केली. मग सुलक्षणाने भीत भीत सुचवलं, की बाई, सारेगममध्ये सांगा. जन्म मुंबईत काढून बाईंनी सारेगमला हात लावला नव्हता. दोन घरचा पाहुणा उपाशी, ही म्हण त्या घरमालकीण पुतळाबाईकडून शिकल्या होत्या आणि नेमकी याच जागी वापरायच्या. पण त्या दिवशी त्यांनी ती वापरली नाही. दुसऱ्या रविवारी वर्सोव्याच्या कोळीवाड्यातल्या आपल्या खोलीत, वेताच्या खुर्चीत डोळे मिटून, त्यांनी पहिल्यांदा म्हटलं, सा, म्हणजे पांढरी एक. आणि सांगायला लागल्या. एका वाद्याचं सगळं सांगून झालं की दुसऱ्याचं. सुलक्षणा सारेगम ऐकायची आणि विलायती पद्धतीने पाच रेघांवर मांडायची. खिडकीतून बोंबील वाळत घातलेल्या वलांडीचा वास यायचा, मधूनच पुतळाबाई डोकावून विचारायची, "आयलीस गं बाय? च्या ठेवू?" आणि बाई एक बोट वर करून तिला थांबवायच्या, कारण मधेच सूर हरवला तर तो परत सापडायला त्यांना फार वेळ लागे.

त्या मधल्या जागी सा बदलायचा होता. एका रविवारी बाईंनी ते सांगितलं, आता सा पांढरी चारवर, आणि व्हायोलिनांचं सगळं सांगून होईतो दमल्या. बाकीचं पुढच्या रविवारी, म्हणाल्या. पुढच्या रविवारी सुलक्षणा उशिरा पोचली. गिरण्यांचा संप तेव्हा नुकताच सुरू झाला होता. नंदू घरी बसला होता आणि बायकोशी, लताशी, रोज उठून भांडत होता. त्या सकाळी त्याने भरलं ताट भिंतीवर मारलं होतं. भिंत पुसून सुलक्षणा निघाली. बाईंनी लगेच व्हायोलाचे सूर सांगायला सुरुवात केली आणि तिने लिहायला. आणि लिहिताना सा तिने मूळच्याच जागी धरला. नवी बैठक, म्हणून मूळचा सा. ती वाढलीच तशी होती. तिचे वडील धोंडू परब लालबागच्या चाळीतल्या भजनी मंडळात पेटी वाजवायचे, गिरणीतून आले की अंगावरचा कापूस झाडून बसायचे. मंडळाचा सा एकदा ठरला की ठरला. बैठक मोडो, आठवडा जावो, परत बसलं की त्याच पट्टीवर यायचं. कुणी नवखा भलतीकडे निघाला की ते पेटी थांबवून मालवणीत विचारायचे, "सा सोडून खंय चललंस?" ते तिच्या हाडात होतं. गिरणी कामगाराच्या पोरीने, भिंतीवरची आमटी पुसून येऊन, इंग्रज बाईचं संगीत लिहिताना केलेली चूक होती ती. त्यानंतरच्या खेपेला तिने व्हायोलिनांचा कागद समोर ठेवून लिहिलं, म्हणून खालची वाद्यं बरोबर उतरली. वाजवून बघायला काहीच नव्हतं. बाईंच्या पियानोच्या तारा खाऱ्या वाऱ्याने गंजून गेल्या होत्या आणि त्याच्यावर पुतळाबाई सुकटीची टोपली ठेवायची. बाईंना ऐकूही कमी येत होतं. कागद वाचून बघायला डोळेही राहिले नव्हते. तिसरा भाग संपला त्याच थंडीत बाई गेल्या, आणि कागद सुलक्षणाच्या कपाटात, हिवाळ्याच्या गोधड्यांखाली गेले.

भाग संपला तसं गिलियनने हात वर केला. ही गिलियन इंग्लंडहून आलेली, तिशीची, सुती कुर्ता घातलेली, उकळलेल्या पाण्याची बाटली सतत काखेत धरणारी. विसरल्या गेलेल्या बायकांनी रचलेलं संगीत शोधत ती फिरत होती. थॉर्नलीबाईंचं नाव तिला कुठल्याशा जुन्या कार्यक्रमपत्रिकेत सापडलं होतं, आणि त्या धाग्याने ती वर्सोव्यापर्यंत आणि तिथून सुलक्षणापर्यंत आली होती. पहिले दोन भाग ऐकताना ती मान डोलवत होती, पण पाहुणे म्हणून गेलेल्या घरचं जेवण बेताचं असलं की आपण डोलवतो तशी. आता तिचा चेहरा लाल झाला होता. ती मधली जागा परत वाजवा, म्हणाली. अनंतने वाजवली. आणखी एकदा, म्हणाली. मग ती सगळ्यांशी बोलायला लागली, भराभर, आणि सुलक्षणाला ते सगळं कळत होतं, कळत नसतं तर बरं झालं असतं. पहिले दोन भाग नीटनेटके आहेत, गिलियन म्हणाली, त्या काळातला कुठलाही चांगला विद्यार्थी असं लिहील. पण इथे ती बाई वेगळी झालीय. दोन पट्ट्या एकदम, आणि कुणीच माघार घेत नाही; एक पुढे गेलेली, एक मागे राहिलेली. हे इथे राहिल्याशिवाय सुचणार नाही. उद्या रविवारी आपण हाच भाग ध्वनिमुद्रित करू, तो मी घेऊन जाईन, तिकडे मोठ्या वाद्यवृंदाकडून वाजवून घेईन, आणि या एवढ्या जागेवर बाईंचं नाव परत उभं राहील. मग ती सुलक्षणाकडे वळली आणि तिने विचारलं, मिस परब, या जागेबद्दल त्या तुमच्याशी काही बोलल्या होत्या का?

सुलक्षणा म्हणाली, "चहा आलाय."

आला होताही. शाळेच्या शिपायाने किटली आणि काचेचे ग्लास आणून टेबलावर ठेवले होते, आणि वादक वाद्यं खाली ठेवून तिकडे वळले. सुलक्षणा आपला ग्लास घेऊन खिडकीशी गेली. तिला बसायचं होतं, पण बसलं की कुणीतरी येऊन शेजारी बसलं असतं. गुडघे दुखत होते. आपण किती दमलोय, हे तिला कधीकधी असं एखाद्या खिडकीशी उभं राहिल्यावरच कळायचं. एरवी दमणं हे अंगावरच्या लुगड्यासारखंच झालं होतं, त्याच्याकडे कोण बघतंय. बोलायचं तरी का, असं तिला वाटलं. सगळे खूश आहेत. बाई मेल्या आहेत. बाईंचं नाव होतंय, जे बाई जिवंत असताना झालं नाही. बोललं तर काय होणार, तर पाच मिनिटांत सीतारामचे सूर बदलतील आणि ही पोरगी पुन्हा पाहुण्यासारखी मान डोलवायला लागेल. न बोललं तर काहीच होणार नाही. शहाण्या माणसाने न बोलावं असाच सगळा मामला होता. आणि त्याहून वाईट म्हणजे, ती जागा सुंदर होती. हे तिला कबूल करवत नव्हतं, पण होती. पहिल्यांदा लाजेने ऐकलं तेव्हा कळलं नाही, पण अनंतने दुसऱ्यांदा आणि तिसऱ्यांदा वाजवली तेव्हा तिला ती चौथ्यांदाही ऐकावीशी वाटली होती. सगळे पुढे गेलेत आणि हे दोघे मागेच आपलं म्हणताहेत, भांडत नाहीत, ओरडत नाहीत, नुसते सोडत नाहीत. असं काही आपल्या हातून झालं, हे तिला आतून हलवत होतं. आपल्यात संगीत नाही, आपण फक्त लिहून घेणारी, हे तिने तरुणपणीच मान्य करून टाकलं होतं. बाईंनीच तसं सांगितलं होतं, आणि बाई खोटं बोलत नसत.

बाईंकडे ती पहिल्यांदा गेली ती गोरेगावच्या स्टुडिओत. एकोणीस-वीस वर्षांची असेल. वडिलांच्या मंडळातला एकजण तिथे सुतारकाम करायचा. तो म्हणाला, एक गोरी मडम आहे, तिला चांगल्या अक्षराची मुलगी पाहिजे, पानंच्या पानं उतरवून काढायला. थॉर्नलीबाई तेव्हा सिनेमाच्या पार्श्वसंगीताचे तुकडे लिहून द्यायच्या. नाव कुणा दुसऱ्याचं लागायचं. त्या बंबईया हिंदी बोलायच्या आणि मराठी पुतळाबाईची, त्यामुळे हिरव्या डोळ्यांची ती उंच बाई तोंड उघडून "मना नको" म्हणाली की स्टुडिओत हशा व्हायचा. सुलक्षणाला तेव्हाच कळलं होतं की ही बाई दोन माणसं आहे. एक, स्टुडिओत मुकाट्याने दुसऱ्याच्या नावाने लिहिणारी. आणि दुसरी, पहाटे उठून, वर्सोव्याच्या होड्या निघायच्या सुमाराला, स्वतःचं लिहिणारी. ते ती कुणाला दाखवायची नाही. त्यामागची गोष्ट बाईंनी तिला इतक्या वेळा सांगितली होती, की सुलक्षणाला ती स्वतःच्या घरातली वाटायची. उत्तरेकडच्या एका लहान गावात बाईंचे वडील चर्चमध्ये ऑर्गन वाजवायचे. बाई लंडनला शिकल्या. शिकवणाऱ्यांनी सांगितलं, बायकांनी मुलांसाठी गाणी लिहावीत. तरी त्यांनी मोठ्या वाद्यवृंदासाठी एक रचना केली, आणि ती एकदा, एकदाच, लंडनच्या एका सभागृहात वाजली. वाजवून घेणाऱ्या साहेबाने शेवट बदलला. विचारलं नाही, सांगितलं नाही. बाईंचा शेवट हळूच विझणारा होता, त्याने तो मोठा, धडधडीत केला. लोक उभे राहून टाळ्या वाजवू लागले. बाईंना स्टेजवर बोलावलं, त्या गेल्या, वाकल्या, हसल्या. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्राने नेमकं त्या शेवटाचंच कौतुक केलं. त्यानंतर काही महिन्यांनी बाईंनी मुंबईच्या एका शाळेतली पियानो शिकवायची नोकरी धरली आणि बोटीत बसल्या. साहेबावरचा राग त्यांचा पुढे निवळला. पण आपण त्या टाळ्यांपुढे वाकलो, हा राग शेवटपर्यंत गेला नाही. म्हातारपणी जड जिभेने सुद्धा त्या म्हणायच्या, "खराब हाय तं खराब. पन माजा हाय."

हे सगळं सुलक्षणाला नव्याने आठवायची गरज नव्हती. ते तिथेच होतं, चहाच्या ग्लासात. बाई असत्या तर काय म्हणाल्या असत्या, हा प्रश्नच नव्हता. बाईंनी ते आयुष्यभर म्हणून ठेवलं होतं. प्रश्न एवढाच होता की ते ऐकायचं की नाही. आणि तिला प्रामाणिकपणे ऐकायचं नव्हतं. तिला राग आला होता, आणि गंमत म्हणजे तो बाईंवरच होता. सगळी उमेदीची वर्षं मी तुमची पानं उतरवली. रविवार तुमचे. नंदूच्या लग्नाच्या आदल्या दिवशी देखील मी तुमच्याकडे होते. एकदाच, तुम्हाला सांगून नव्हे, मला समजून नव्हे, माझ्या हातून चार ओळी माझ्या उतरल्या. त्या पण तुम्ही घेणार? खिडकीबाहेर शाळेच्या नळाखाली एक मुलगी दप्तर खांद्यावर ठेवून पाणी पीत होती, पाणी हातातून कोपरापर्यंत जात होतं. सुलक्षणा तिच्याकडे बघत राहिली. आपल्याला रडू येतंय की नुसतंच उकडतंय, हे तिला समजेना.

अनंत चहा घेऊन शेजारी आला. पानं उतरवता उतरवता सुलक्षणा बाईंकडे शिकायलाही लागली होती, तसा तोही बाईंचा विद्यार्थी, तिच्याच वयाचा, कोकणातलाच. दोघांनी एके काळी बाईंच्या पियानोच्या दोन बाजूंना बसून शिव्या खाल्ल्या होत्या. तिने त्याला विचारलं, की ती मधली जागा त्याला बरोबर वाटते का. "बरोबर-बिरोबर सोड गं," अनंत म्हणाला, "झकास आहे. माझ्या अंगावर काटा आला. म्हातारी असं काही लिहील, वाटलं नव्हतं." त्यालाही वाटलं नव्हतं. सुलक्षणाला ते बोचलं. अनंत पुढे सांगत होता की ही पोरगी तिकडे घेऊन गेली तर आपल्या सगळ्यांचीच नावं फितीवर जातील, निदान एकदा तरी नाव लागेल, आणि त्याच्या आवाजात एवढी आशा होती की सुलक्षणाने मान दुसरीकडे फिरवली. म्हातारी असं लिहील वाटलं नव्हतं. म्हणजे उद्यापासून बाईंना जे ओळखतील ते बाईंनी न लिहिलेल्या जागेवरून ओळखतील. पुन्हा टाळ्या, आणि पुन्हा दुसऱ्याच कुणाच्या सुरांना. आणि या खेपेला बदलणारा साहेब आपण.

तिने ग्लास टेबलावर ठेवला. चहा अर्धा तसाच होता. वादक जागेवर येऊन बसले होते, गिलियन टेपरेकॉर्डरचं बटण चाचपत होती.

"ती चूक आहे," सुलक्षणा म्हणाली. तिचा आवाज वर्गातला निघाला, लागेल त्यापेक्षा मोठा. "व्हायोलाचा सा चुकलाय. त्यांनी सगळं वरच्या पट्टीत सांगितलं होतं. मी खालीच लिहिलं."

मग तेच इंग्रजीत सांगावं लागलं, आणि इंग्रजीत ते फारच लहान वाटलं. गिलियनला आधी कळेना, मग पटेना. तुमची खात्री आहे का, तिने विचारलं. मग जरा वेळाने म्हणाली, की असं असलं तरी ते राहू देऊ या. दोघींची नावं घालू, ही जागा मिस परब यांची असं लिहू. संगीतात असं होतं. सुलक्षणाने तिच्याकडे नीट बघितलं. पोरगी मनापासून म्हणत होती. दोघींची नावं. ती दोन नावं एका ओळीत छापलेली सुलक्षणाला दिसली, क्षणभर चांगलीच स्पष्ट दिसली. तिला ते हवं होतं. पन्नाशीला आल्यावर आपल्याला काही इतकं हवंसं वाटेल, असं तिला वाटलं नव्हतं.

"नको," ती म्हणाली. "त्यांनी मला ती जागा दिली नव्हती. मी विचारून घेतली नव्हती." आणि अनंतकडे वळून, "खोडरबर आहे का रे कुणाकडे?"

सीतारामकडे होतं. त्याच्या आणि शेजारच्याच्या, अशा दोन्ही कागदांवरच्या त्या ओळी सुलक्षणाने स्वतः खोडल्या, गुडघे मोडून खुर्चीशी बसून, कागदाखाली शाळेची वही धरून. कागद जुना, जोरात खोडला तर फाटला असता. स्वतःच्या अक्षराचे ठिपके निघत होते आणि काळपट चुरा होत होता, तो तिने फुंकला. मग नवे सूर मांडले. हात अजून तितकाच नीट चालत होता. अनंत व्हायोलिनची तार उगाचच छेडत होता.

पुन्हा वाजवलं. आता सगळे मिळून वर गेले. ओळीने उभ्या केलेल्या मुलींसारखं ते नीट वाजलं, कुणी पुढे नाही, कुणी मागे नाही. भरगच्च, शांत, थोडंसं कंटाळवाणं. सुलक्षणाला वाटलं होतं की बरोबर वाजल्यावर कुठेतरी सुटल्यासारखं होईल. तसं झालं नाही. पण ऐकता ऐकता तिला निराळंच काही कळलं. ते चर्चचं होतं. चर्चमधल्या सगळ्यांनी एकदम उठून म्हणायचं असतं तसं. जन्मभर वर्सोव्यात राहून, पुतळाबाईची मराठी बोलून, बोंबलांच्या वासात डोळे मिटून बाई शेवटी जे सांगत होत्या ते हे होतं: त्यांच्या वडिलांचा ऑर्गन, त्यांचं लहान गाव. बाई इथल्या झाल्या नव्हत्या. त्यांना घरी जायचं होतं, आणि त्यांनी ते कधी कुणाला सांगितलं नव्हतं. आपल्याला पण नाही. सुलक्षणाला बाईंची एवढी दया आली, की रागाला कुठे जागाच राहिली नाही.

गिलियनने तिचे आभार मानले. अगदी नीट मानले, दोन्ही हात हातात घेऊन. मग ती अनंतशी बोलली, की उद्या वेळ कमी आहे, तर नमुन्यादाखल दुसरा भाग तेवढा मुद्रित करू, तो लहानही आहे. तिसऱ्याचं नंतर कधीतरी बघू. स्टुडिओत एवढी वर्षं काढलेल्या कुणालाच त्या 'नंतर कधीतरी'चा अर्थ सांगावा लागत नाही. वादक वाद्यं पेटीत घालू लागले. अनंत व्हायोलिनच्या गजाचे केस सैल करत तिच्याजवळ आला आणि हळू आवाजात म्हणाला, "वाट लावलीस तू. बाईंची पण आणि आमची पण. काय मिळालं?"

"राहू दिलं असतं तर मला बाईंकडे परत बसता आलं नसतं," ती म्हणाली.

"बाई आहेत कुठे, यार," अनंत म्हणाला. पण मग त्याने बाकं जागेवर लावायला तिला मदत केली, आणि एवढ्यावर ते थांबलं.

स्टेशनवरचा पूल ओलांडून ती पूर्वेला आली. बसला रांग होती, म्हणून चालतच निघाली. दोन्ही बाजूंना कारखाने सुटत होते, रिक्षा अंगावर येत होत्या. चालता चालता तिने ती जागा गुणगुणून बघितली. बाईंची नाही, ती खोडलेली. आता ती कुठेच नव्हती, टेपवर नव्हती, कागदावर नव्हती, तेव्हा निदान आपल्याकडे असावी. तिने व्हायोलिनांची ओळ धरली. ती आली. मग मागच्या पट्टीतली धरली, तीही आली. पण दोन्ही एकदम येईनात. एक धरली की दुसरी सुटत होती. चार पावलं ही, चार पावलं ती, असंही करून बघितलं. सरळ होतं, एका गळ्यातून दोन पट्ट्या निघत नाहीत. ती शाळेत हे मुलींना शिकवत असे. तिला हसू यायला हवं होतं. त्याऐवजी सहार रोडवर, भरल्या बाजारात, ती उभी राहिली, आणि एका भाजीवाल्याने विचारलं, काय देऊ, तेव्हा तिने उगाचच दोन जुड्या मेथी घेतली.

घरी लता शेजारी गेली होती. नंदू खाटेवर, भिंतीकडे तोंड करून पडला होता. सिलिंडरचा नंबर लावलेला नव्हता. चाळीतल्या मंडळात वडिलांच्या पेटीमागे बसून हाच नंदू तासभर सा धरायचा, लहानपणी, आणि कितीही जण इकडेतिकडे गेले तरी तो हलायचा नाही. गिरणी सुटल्यापासून त्याला कुणी गाताना ऐकलं नव्हतं. मेथी ओट्यावर ठेवून सुलक्षणा खाटेच्या कडेला बसली. हात तोंड धुतलं नव्हतं, चपला सुद्धा पायात होत्या.

"नंदू," ती म्हणाली, "जरा सा धरतोस का रे? नुसता धरून ठेव. मला एक बघायचंय."

तो वळला नाही. तिला वाटलं झोपलाय.

"आता नको गं ताई," तो म्हणाला. "दमलोय."

दिवसभर तो घराबाहेर पडला नव्हता. तरी तो खोटं बोलत नव्हता, हे तिला दिसत होतं. "बरं," ती म्हणाली, आणि चपला काढून, मेथी निवडायला घेतली.